डायोडला गॅमा देण्याआधी हे वाचा: सेमीकंडक्टरवर रेडिएशनचा परिणाम पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला गाईडनी मला हा विषय दिला तेव्हा मला वाटलं, सोपं आहे, सॅम्पल नेलं, रेडिएशनमध्ये ठेवलं, परत आणून मोजलं, ग्राफ काढला, झालं. तीन महिन्यांनी माझ्याकडे चाळीस डायोड होते, एक जाडजूड वही होती आणि त्यातल्या एकाही आकड्यावर मला स्वतःला भरवसा नव्हता. चूक रेडिएशनची नव्हतीच, चूक मोजण्याची होती. म्हणून हे लिहितेय, मुंबईतल्या मुलांसाठी खास, कारण आपल्याकडची हवा आणि आपल्याकडचे प्रवास हे दोन्ही या प्रयोगात लुडबुड करतात आणि ते कुठल्याच पुस्तकात येत नाही.

हा विषय कशासाठी, असं घरी विचारतातच. त्यांना टेलस्टारची गोष्ट सांगा. ९ जुलै १९६२ ला अमेरिकेने पॅसिफिकवर खूप उंचीवर अणुस्फोट केला, दुसऱ्या दिवशी १० जुलैला टेलस्टार उपग्रह सोडला, आणि स्फोटामुळे अवकाशात अडकलेल्या इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यात काही महिन्यांतच त्याचे ट्रान्झिस्टर बिघडायला लागले. तेव्हापासून चिप वर पाठवायची तर आधी खाली तिला मार देऊन बघायचा, हा रिवाज आहे.

१. आधी ठरवा की नक्की कुठलं नुकसान बघायचंय

हे न ठरवता सोर्स शोधायला जाऊ नका, सगळे तेच करतात, मीही केलं. नुकसान ढोबळमानाने तीन प्रकारचं असतं.

पहिलं आयनीकरणाचं, म्हणजे टोटल डोस (सॅम्पलने एकूण शोषलेलं रेडिएशन). गॅमा किंवा एक्सरे आत शिरला की इलेक्ट्रॉन-होलच्या जोड्या तयार होतात (होल म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली रिकामी जागा), सिलिकॉनमध्ये एका जोडीला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, सिलिकॉन डायऑक्साइडमध्ये १७ च्या आसपास. सिलिकॉनमधल्या जोड्या येतात आणि जातात, त्याचं फारसं काही नाही. खरी भानगड ऑक्साइडमध्ये. तिथे इलेक्ट्रॉन चपळ, ते पटकन बाहेर पडतात, होल मात्र रेंगाळतात आणि सिलिकॉनच्या सीमेजवळ अडकून बसतात. म्हणून मॉसफेटचा (गेटखाली ऑक्साइडचा थर असलेल्या ट्रान्झिस्टरचा) थ्रेशोल्ड व्होल्टेज, म्हणजे तो ज्या व्होल्टेजला चालू होतो ते, सरकतो.

दुसरं डिस्प्लेसमेंट, म्हणजे अणूच जागेवरून उडवणं. सिलिकॉनचा अणू हलवायला साधारण २१ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, गॅलियम आर्सेनाइडमध्ये त्याच्या निम्मे. न्यूट्रॉन, प्रोटॉन आणि जड आयन हे काम जोरात करतात. गॅमा स्वतः करत नाही, पण त्याने उडवलेले वेगवान इलेक्ट्रॉन थोडंफार करतात, तेही सुटे सुटे दोष, न्यूट्रॉनसारखे गुच्छ नाही. यात डायोडचं लीकेज (उलट्या व्होल्टेजला झिरपणारा करंट) वाढतं, ट्रान्झिस्टरचा गेन (करंट किती पट मोठा करतो ते) पडतो, एलईडी मंद होते.

तिसरं सिंगल इव्हेंट, एकच कण येतो आणि मेमरीतला एखादा बिट उलटवतो किंवा सर्किट लॅचअपमध्ये नेतो, म्हणजे जास्त करंट ओढत अडकवून ठेवतो. पहिल्या प्रोजेक्टला याच्या वाटेला जाऊ नका, त्याला बीमवर, म्हणजे कणांच्या झोतात, ठेवून चालू सर्किट मोजायला लागतं.

आता यावरून सोर्स आपोआप ठरतो. ऑक्साइड बघायचाय तर कोबाल्ट-६० चा गॅमा. जाळीतले दोष बघायचेत तर न्यूट्रॉन किंवा प्रोटॉन. मी गॅमा देऊन डिस्प्लेसमेंटचे मोठमोठे परिणाम शोधत बसले होते, म्हणजे दादरला उतरून गेटवे शोधण्यातला प्रकार.

२. डिव्हाइस घ्या, पण एकाच लॉटचे

लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं, चालत पाच-सात मिनिटं. नवशिक्यांसाठी तीन गोष्टी बऱ्या: बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड, सीडी४००७ आयसी (यात सुटे मॉसफेट हाताशी येतात) आणि २एन२२२२ ट्रान्झिस्टर. तिन्ही स्वस्त.

सापळा असा की दुकानदार एका खोक्यातून दहा, दुसऱ्या खोक्यातून दहा असे काढून देतो. अंगावरचा डेट कोड (कधी बनवला त्याचा आकडा) वाचा, सगळे एकाच कोडचे मागा. लॉट बदलला की ऑक्साइड बदलतो आणि ऑक्साइड बदलला की रेडिएशनमध्ये वागणं बदलतं, मग तुमच्या ग्राफमधली वर-खाली डोसमुळे की लॉटमुळे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. "दादा, सगळे एकाच रीळमधले द्या" एवढं म्हटलं की पुरतं, थोडी कुरकुर होते पण देतात. नकली मालही असतो, फार स्वस्त दिसला तर सोडून द्या.

प्रत्येक डोसला किमान पाच नग, वर पाच नग कोरे. कोरे म्हणजे ज्यांना रेडिएशन द्यायचंच नाही ते. हे पाच नग या सगळ्या प्रकरणात सर्वात मौल्यवान, का ते पुढे येईलच.

३. रेडिएशनआधीचं रीडिंग: इथे आठवडा घालवा

माझं घोडं इथेच पेंड खात होतं म्हणून जरा सविस्तर सांगते.

बीपीडब्ल्यू३४ चा डार्क करंट (अंधारातलं लीकेज) उलट्या १० व्होल्टला साधारण २ नॅनोअँपिअर असतो. नॅनो. मी पहिल्या दिवशी टेबलावर ठेवून मोजला तर मायक्रोअँपिअर आला, म्हटलं डायोड खराब. डायोड चांगला होता, डोक्यावर ट्यूबलाइट होती. मग काळी चिकटपट्टी गुंडाळली, तरी नीट नाही, कारण हा फोटोडायोड सर्वात जास्त बघतो तो ९०० नॅनोमीटरच्या आसपास, इन्फ्रारेडमध्ये, आणि डोळ्याला काळं दिसणारं प्लास्टिक इन्फ्रारेडला काळं असेलच असं नाही. शेवटी घरून पोळ्यांचा स्टीलचा डबा आणला, बाजूला भोक पाडून कनेक्टर बसवला, झाकण लावलं, आणि रीडिंग एकदम शांत झालं. डब्याला ग्राउंड जोडलं की विजेच्या तारांची ५० हर्ट्झची गुणगुणही जाते. आईला डबा आजतागायत परत मिळालेला नाही.

दुसरी गोष्ट तापमान. सिलिकॉन डायोडचं लीकेज खोलीच्या तापमानाला दर ८ अंशाला साधारण दुप्पट होतं. म्हणजे जानेवारीत सकाळी २२ अंशाला घेतलेलं कोरं रीडिंग आणि मे महिन्यात एसी बंद असताना ३२ अंशाला घेतलेलं रीडिंग यात दुपटीहून जास्त फरक रेडिएशनशिवायच पडतो. डब्यात एक छोटा तापमान सेन्सर ठेवा आणि प्रत्येक रीडिंगसमोर तापमान लिहा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक.

तिसरी गोष्ट पाऊस. जुलैत माझ्या सगळ्या डायोडचं लीकेज वाढलं आणि मी खूश, परिणाम दिसला म्हणून. गाईडनी एकच प्रश्न विचारला, "कोऱ्या नगांचं किती आहे?" ते मी मोजलंच नव्हतं. मोजलं तर त्यांचंही वाढलेलं. पायांच्या मधल्या प्लास्टिकवर दमटपणाचा थर बसून त्यातून करंट वाहत होता, गॅमाचा काही संबंध नाही. तेव्हापासून डब्यात सिलिका जेलची पुडी, नग आयसोप्रोपाइलने पुसून कोरडे करायचे, आणि कोरे पाच नग दरवेळी आधी मोजायचे. कोऱ्यांचं रीडिंग हललं की त्या दिवशी पुढे जायचंच नाही, घरी जायचं.

सोर्समीटरवर (व्होल्टेज देऊन करंट मोजणारं यंत्र) कंप्लायन्स, म्हणजे करंटची मर्यादा, लावायला विसरू नका, नाहीतर एका चुकीच्या व्होल्टेजला नग जळतो आणि आपण म्हणतो रेडिएशनने गेला.

४. सोर्स कुठे मिळतो

घरी किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये जुगाड करून हे करायचं नाही, मुळीच नाही. एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, मान्यता असलेल्या ठिकाणीच. मुंबईत राहण्याचा फायदा हा की बाकीच्यांना रात्रीची ट्रेन पकडावी लागते ते आपल्याला हार्बर लाइनवर आहे. तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्ब्याला बीएआरसी आहे, तिथेच यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमचं मुंबई केंद्र आहे जे विद्यापीठांतल्या लोकांसाठीच काढलंय. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये १९८८ पासून पेलेट्रॉन अॅक्सिलरेटर चालतो, आयन बीम हवा तर तो, नाहीतर दिल्लीचं आययूएसी हे अॅक्सिलरेटर केंद्र. मोजमापाची चांगली उपकरणं हवीत तर पवईला आयआयटीच्या नॅनोफॅबकडे बाहेरच्यांसाठी योजना असते.

गॅमासाठी बहुतेक वेळा गॅमा चेंबर मिळतो. शिशाचं मोठं पिंप समजा, आत कोबाल्ट-६० च्या पेन्सिली गोल लावलेल्या, सॅम्पलचा डबा वरून खाली सरकतो, सोर्स कधी बाहेर येत नाही. आपल्याकडचे बरेचसे ब्रिटने (अणुऊर्जा विभागाची संस्था) बनवलेले आहेत, तेच वाशीवाले.

आयन बीमला प्रपोजल द्यावं लागतं, समिती बघते, मग बीमटाइम. त्यात महिने जातात, त्यामुळे गॅमा चालू असतानाच अर्ज टाकून ठेवा.

५. कागद आणि सामान

- गाईडच्या सहीचं आणि विभागप्रमुखांच्या शिक्क्याचं पत्र, त्यात सॅम्पल काय, किती नग, किती डोस हे स्पष्ट. "काही सेमीकंडक्टर सॅम्पल्स" असं मोघम लिहिलंत की पत्र परत
- फोटो ओळखपत्र, मूळ आणि झेरॉक्स. पत्रातलं नाव आणि ओळखपत्रातलं नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे
- लॅपटॉप किंवा मीटर आत न्यायचं असेल तर त्याचा सिरियल नंबर आधी कळवा. मोबाइल, पेनड्राइव्ह गेटवर राहतील असं धरूनच निघा, म्हणजे डोसचं गणित कागदावर हवं, फोनमध्ये नको
- प्रत्येक डोसची वेगळी पुडी, त्यावर पेन्सिलने लिहिलेला नंबर
- अँटिस्टॅटिक काळा फोम, सिलिका जेल, वही, कॅल्क्युलेटर

माझा एक अख्खा दिवस मधलं नाव पत्रात नव्हतं म्हणून गेटवर गेला. मानखुर्दला परत येऊन वडापाव खाल्ला आणि घरी गेले.

६. डोसचं गणित

डोस ग्रेमध्ये मोजतात, १ ग्रे म्हणजे किलोमागे १ ज्यूल. जुन्या पेपरांत रॅड असतं, १०० रॅड म्हणजे १ ग्रे. अंदाज यावा म्हणून: लासलगावला कांद्याला कोंब येऊ नये म्हणून जो डोस देतात तो ६० ग्रेच्या आसपास, वाशीला मसाल्यांना देतात तो ६ ते १४ किलोग्रे, इंजेक्शनच्या सिरिंज निर्जंतुक करायला २५ किलोग्रे. आणि साधी बाजारातली सीमॉस चिप ५० ते ५०० ग्रेमध्येच कुरकुरायला लागते. म्हणजे कांद्याच्या डोसलाच काही चिप्स आडव्या. साधा डायोड मात्र मसाल्याचा डोसही पचवतो. त्यामुळे सगळ्यांना एकच डोस लावू नका. डायोडला १, ३, १०, ३०, १०० किलोग्रे अशा पायऱ्या घ्या, आयसीला १०, ३०, १००, ३०० ग्रे.

आता दोन चुका, दोन्ही मी केल्यात.

एक, डोस रेटची तारीख. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे महिन्याला साधारण १.१ टक्का सोर्स उतरतो. एका ठिकाणी भिंतीवर चिकटवलेला डोस रेटचा कागद तीन वर्षांपूर्वीचा होता आणि मी तोच घेऊन वेळ काढली. तीन वर्षांत सोर्स ६७ टक्क्यांवर येतो, म्हणजे मी १० किलोग्रे समजून ६.७ दिला होता. कागदावरची तारीख बघा, आजच्या दिवसाला सुधारून घ्या, आणि शेवटचं कॅलिब्रेशन कधी, फ्रिकी की अॅलनिन (डोस मोजायच्या दोन पद्धती), हे तिथल्या ऑपरेटरना नम्रपणे विचारा. ते खूश होतात, कोणी विचारत नाही म्हणून.

दोन, डोस कशातला. कॅलिब्रेशन बहुधा पाण्यातल्या डोसचं असतं. कोबाल्टच्या गॅमाला सिलिकॉनमधला डोस पाण्यातल्याच्या साधारण ०.९ पट भरतो. दहा टक्के छोटे वाटतात पण तोंडी परीक्षेला पहिला प्रश्न हाच येतो.

७. प्रत्यक्ष एक्सपोजरच्या दिवशी

पाय शॉर्ट करून फोममध्ये खोचलेला मॉसफेट आणि गेटला पॉझिटिव्ह व्होल्टेज देऊन ठेवलेला मॉसफेट, डोस एकच, नुकसान वेगवेगळं. व्होल्टेज असलं की ऑक्साइडमधले इलेक्ट्रॉन आणि होल परत भेटायच्या आत वेगळे ओढले जातात, जास्त होल उरतात. त्यामुळे बायस, म्हणजे हे व्होल्टेज, दिलं होतं की नाही हे वहीत हवंच. चेंबरमध्ये वायर नेता येत नसेल तर सगळे शॉर्ट करून ठेवा, पण सगळेच.

छोटे डोस देताना अजून एक गंमत. चेंबरचा रेट तासाला काही किलोग्रे असेल तर १० ग्रे काही सेकंदांत होतात, आणि डबा खाली-वर सरकायला लागणारा वेळच तेवढा असतो, त्या वेळातही डोस पडतच असतो. कमी डोसला कमी रेटचा, म्हणजे जुना उतरलेला सोर्स शोधा. म्हातारा सोर्स इथे कामाला येतो.

पाच कोरे नग सोबत न्या. त्याच बॅगेत, त्याच लोकलमध्ये, फक्त चेंबरमध्ये टाकू नका. ते लॅबच्या कपाटात ठेवले तर प्रवासातला उकाडा, धक्के, दमटपणा यांचा हिशेब लागत नाही.

टीएलडी बॅज (आपल्याला किती डोस लागला ते मोजणारा) दिला तर छातीवर लावा, बॅगेत नको. आणि कोबाल्टच्या गॅमाने सॅम्पल रेडिओअॅक्टिव्ह होत नाही, त्याची ऊर्जा (१.१७ आणि १.३३ एमईव्ही) त्यासाठी पुरत नाही. घरच्यांना हे आधीच सांगा. मी डायोड घेऊन घरी आले तेव्हा आजीने पुडी गॅलरीत ठेवायला लावली होती. न्यूट्रॉन आणि प्रोटॉनचं मात्र तसं नाही, तिथली सॅम्पल्स तपासून सोडल्याशिवाय हातात मिळत नाहीत आणि घाईही करू नका.

८. परत आल्यावर घड्याळ चालू असतं

रेडिएशन थांबलं तरी नग बदलत राहतो, अडकलेला चार्ज खोलीच्या तापमानालाही हळूहळू सुटतो, काही दोष फिरून जुळतात. याला अॅनिलिंग म्हणतात. चाचण्यांच्या मानकांत एक्सपोजर संपल्यापासून तासाभरात मोजणं सुरू करा असं असतं. आता ट्रॉम्ब्याहून कलिन्याला विद्यापीठात संध्याकाळी सहाला तासाभरात पोचून दाखवा. जमलं तर मीटरच तिथे न्या. नाहीतर पाय शॉर्ट करून ड्राय आइसच्या थर्माकोल डब्यात आणा, पण मग पुडी हवाबंद हवी आणि नग पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्यावरच ती उघडा. मी एकदा थंडगार पुडी तशीच उघडली, दमट हवेने डायोडवर दव धरलं, आणि लीकेज हजारपट. पाच मिनिटं मला वाटलं आपण शोध लावला.

दोन्ही जमत नसेल तर निदान सगळ्या नगांना सारखीच वेळ द्या, समजा बरोबर तीन तासांनी, आणि तसं लिहा.

एक फसवं प्रकरण: काच आणि पारदर्शक प्लास्टिक गॅमाने तपकिरी-पिवळं पडतं. एलईडी मंद झाली म्हणजे आतलं स्फटिकच बिघडलं असं नाही, वरची भिंगं काळवंडली असतील. सोबत आय-व्ही (व्होल्टेजनुसार करंटची रेघ) बघा, ती हललीच नसेल तर दोष टोपीचा.

९. आयन बीमला जाणार असाल तर

थोडक्यात. आयन फार खोल जात नाहीत. ५.५ एमईव्हीचा अल्फा सिलिकॉनमध्ये २८ मायक्रोमीटरच्या आसपास थांबतो, १० एमईव्हीचा प्रोटॉन ०.७ मिलिमीटर. प्लास्टिकच्या पॅकेजमधला डायोड अल्फासमोर ठेवलात तर चिपला पत्ताच लागणार नाही, उघडी चिप हवी. आधी एसआरआयएम हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवून खोली बघा, आणि दोष मोजताना त्यातला 'क्विक' पर्याय घ्या, पूर्ण कॅस्केडवाला बरेचदा आकडा फुगवतो.

न्यूट्रॉन-प्रोटॉनला लीकेजचा अंदाज एका सोप्या सूत्राने येतो: वाढलेला करंट म्हणजे अल्फा गुणिले फ्लुअन्स (चौरस सेंटिमीटरवर पडलेले एकूण कण) गुणिले डिप्लीशनचं (डायोडच्या जोडावरच्या मोकळे चार्ज नसलेल्या थराचं) आकारमान. हा अल्फा म्हणजे वरचा कण नव्हे, एक ठरलेला आकडा, ४ × १०⁻¹⁷ अँपिअर प्रति सेंटिमीटर (६० अंशाला ८० मिनिटं तापवल्यानंतर, २० अंशाला मोजलेला). बीपीडब्ल्यू३४ चं क्षेत्रफळ ७.५ चौरस मिलिमीटर, डिप्लीशन १०० मायक्रोमीटर धरा, १ एमईव्ही न्यूट्रॉनच्या हिशेबात फ्लुअन्स चौरस सेंटिमीटरला १०¹², तर वाढ येते ३० नॅनोअँपिअर. २ वरून ३२. हे गणित जायच्या आधी करा म्हणजे मीटर कुठला न्यायचा ते कळतं. गॅमाला हे सूत्र लावू नका.

१०. लिहिताना

प्रत्येक ग्राफखाली सहा गोष्टी: डोस कशातला, डोस रेट, बायस, मोजतानाचं तापमान, एक्सपोजरनंतर किती वेळाने, किती नगांची सरासरी. कोऱ्या नगांची रेघ त्याच ग्राफवर काढा, वेगळ्या पानावर नको. एक्सटर्नल (बाहेरचे परीक्षक) आधी तीच शोधतात.

आणि सबमिशन झालं म्हणून नग फेकू नका. माझे १० किलोग्रेवाले पाच आणि कोरे पाच त्याच पोळ्यांच्या डब्यात आहेत, गेल्या खेपेला मोजले तेव्हा गॅमावाल्यांचं लीकेज अजून थोडं खाली आलं होतं आणि कोरे जागच्या जागी होते. आता पाऊस गेला की परत मोजायचेत.